बेरोजगारीचे आकडे वाचताना या चुका टाळा

मार्च महिना आला की माझ्या टेबलावर एम.ए.च्या प्रकल्पांचा गठ्ठा पडतो. त्यातले निम्मे तरी बेरोजगारीवर असतात. त्याचं मला नवल वाटत नाही. लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात पदवी घेऊन बसलेला एखादा भाऊ असतो, नाहीतर पुढच्या वर्षी आपलं काय होणार ही धास्ती त्यांना स्वतःलाच असते. विषय इतका जवळचा असूनही आकड्यांकडे मात्र सगळे घाईने बघतात. एक दर उचलायचा, मागच्या दराला जोडायचा, रेष वर गेली की ‘संकट’, खाली आली की ‘सुधारणा’. वीस वर्षं मी हेच तपासते आहे. तेच घोळ वर्तमानपत्रांच्या लेखांत दिसतात, भाषणांत ऐकू येतात, एमपीएससीच्या नोट्समध्येही छापलेले असतात.

मला मुख्यतः एकच सांगायचं आहे. भारतासारख्या देशात, जिथे कारखाने वाढत आहेत पण निम्म्याच्या आसपास माणसं अजून शेतीवर आहेत, तिथे काम नसलेला माणूस बहुतेक वेळा ‘बेरोजगार’ म्हणून नोंदलाच जात नाही. रिकामं बसणं त्याला परवडत नाही. तो भावाच्या शेतात उतरतो, गाडा टाकतो, नाहीतर वाट बघून दमतो आणि काम शोधणंच सोडतो. त्यामुळे बेरोजगारीचा दर हा गोष्टीचा छोटा तुकडा आहे. बाकीची गोष्ट त्याच तक्त्याच्या इतर रकान्यांत असते आणि ते रकाने कुणी वाचत नाही.

दर पाहिला, छेद पाहिला नाही

ही माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक, म्हणून हिच्यावरच जास्त बोलणार आहे.

बेरोजगारीचा दर काढताना छेदात सगळी लोकसंख्या नसते. काम करणारे आणि काम शोधणारे किंवा कामाला तयार असणारे, एवढ्यांचीच बेरीज छेदात असते. हिलाच श्रमशक्ती म्हणतात. जो काम करत नाही आणि शोधतही नाही, तो या हिशेबातून पूर्ण बाहेर.

एक गाव धरा. प्रौढ माणसं १०००. त्यातली ५०० श्रमशक्तीत, पैकी ३० बेरोजगार. दर ६ टक्के. पुढच्या वर्षी गावात एकही नवी नोकरी आली नाही, पण घरच्या शेतात राबणाऱ्या १०० बायकांची नोंद ‘काम करणाऱ्या’ अशी झाली. श्रमशक्ती ६००, बेरोजगार तेच ३०. दर ५ टक्के. ते तीस जण जिथे होते तिथेच आहेत.

आता खरे आकडे घ्या. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, १५ वर्षांवरच्या लोकांचा बेरोजगारीचा दर नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे वर्षभराचा विचार करून, २०१७-१८ मध्ये ६.० टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ वर आला. जवळजवळ निम्मा. माझ्याकडे येणारे निम्मे प्रकल्प इथेच थांबतात. पण त्याच काळात महिलांचा श्रमसहभाग, म्हणजे श्रमशक्तीत असलेल्यांचं प्रमाण, २३.३ टक्क्यांवरून ४१.७ वर गेला आणि ग्रामीण महिलांचा २४.६ वरून ४७.६ वर. छेद केवढा फुगला ते यावरून कळतं. मग पुढचं पान उलटायचं: या नव्याने मोजल्या गेलेल्या बायका करतात काय? काम करणाऱ्या ग्रामीण महिलांपैकी शेतीत असलेल्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये ७३.२ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ७६.९ झालं. एकूण कामगारांमध्ये घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा वाटा १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेला. नियमित पगारावर असलेल्यांचा वाटा मात्र २२.८ वरून २१.७ वर उतरला.

म्हणजे दर निम्म्यावर आला हे खरं, पण त्यामागे कारखान्याचं गेट उघडून आत गेलेली माणसं फारशी नाहीत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. शिकवायला लागण्याआधी मी एका संशोधन संस्थेसाठी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात घरोघर फिरून फॉर्म भरले. प्रश्नावली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या धर्तीवरची होती. प्रत्येक माणसाला एक कोड द्यायचा. स्वतःचा धंदा ११, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत २१, नियमित पगार ३१, रोजंदारी ५१, काम शोधणारा ८१, शिकणारा ९१, फक्त घरकाम ९२. पहिल्याच आठवड्यात एका ओसरीवर बसले होते. समोरच्या मावशी सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी विचारलं, “मावशी, तुम्ही काय काम करता?” त्या म्हणाल्या, “मी कुठं काय करते, घरीच असते की.” मी ९२ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवशी झपाट्याने फॉर्म झाले म्हणून खूश होते.

संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षकांनी गठ्ठा चाळला आणि माझ्यापुढे ठेवला. “मॅडम, एवढ्या सगळ्या बायका दिवसभर नुसता स्वयंपाक करतात?” मी म्हटलं, “सर, त्यांनीच तसं सांगितलं.” ते म्हणाले, “उद्या पहाटे जा. धारेच्या वेळेला.”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेले. मावशी गोठ्यात होत्या. दोन जर्सी गाई. शेण काढून झालेलं, घास टाकून झालेला, धार चालू होती. मी उभ्याउभ्या विचारत गेले.

“गाईंचं सगळं कोण बघतं?”

“मीच की. त्यांना कुठं वेळ?”

“दूध?”

“डेअरीला जातं.”

“पैसे कुणाच्या नावावर?”

“मालकांच्या. पावती त्यांच्या नावाची असते.”

रोजचे चार-पाच तास, वर्षाचे बाराही महिने, आणि त्या दुधाच्या पैशावर घराचा किराणा भरला जात होता. पावतीवर नाव नवऱ्याचं, म्हणून मावशींच्या स्वतःच्या लेखी ते ‘काम’ नव्हतं आणि माझ्या फॉर्मवरही नव्हतं. तो कोड ९२ वरून २१ झाला. त्या दिवशी मी आदल्या दिवशीची सगळी घरं पुन्हा केली.

या नियमांमध्ये आणखी बारकावे आहेत. बांधावरचं फुकट गवत कापून आणणं, सरपण गोळा करणं यासाठी ९३ हा वेगळा कोड आहे आणि तो श्रमशक्तीच्या बाहेर मोजतात. तीच बाई गाय सांभाळते आणि दूध विकलं जातं तेव्हा ती २१, म्हणजे कामगार. नेहमीच्या स्थितीत तर मुख्य काम घरचं असलं तरी वर्षात ३० दिवस किंवा जास्त दुय्यम काम केलेली बाईसुद्धा कामगारांत येते. बाई तीच, गोठा तोच. विचारणाऱ्याने चार प्रश्न जास्त विचारले की देशाचा श्रमसहभाग बदलतो. २०१७-१८ नंतरच्या वाढीत खरोखर वाढलेलं काम किती, ओढगस्तीमुळे शेतात उतरणं किती आणि खोदून विचारण्याचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहे. माझ्या मते तिन्ही आहेत. या तीनपैकी एकच कारण छातीठोकपणे सांगणारा लेख मी बाजूला ठेवते.

माझी सवय सांगते. बेरोजगारीचा दर मी कधीही एकटा वहीत उतरवत नाही. शेजारी त्याच वर्षाचा श्रमसहभाग, त्याच्या शेजारी काम करणाऱ्यांचं प्रमाण, आणि खाली बिनपगारी मदतनीसांचा वाटा. चारही आकडे हाताने लिहिते. कॉपी-पेस्ट केलं की डोळा त्यावर थांबत नाही. विद्यार्थ्यांना हे कटकटीचं वाटतं, पण ज्यांनी केलं त्यांच्याकडून ही चूक पुन्हा आलेली नाही.

दर कमी म्हणजे राज्य सुखी

२०२३-२४ मध्ये मध्य प्रदेशाचा दर १.० टक्का, बिहारचा ३.०, महाराष्ट्राचा ३.३, केरळचा ७.२ आणि गोव्याचा ८.५. या यादीवरून ‘बिहार गोव्यापेक्षा बरा’ असं कुणी म्हणणार नाही, पण ‘महाराष्ट्र गोव्यापेक्षा बरा’ असं मात्र लोक बिनदिक्कत लिहितात. गोव्यातला पदवीधर मुलगा चांगल्या नोकरीची वर्ष-दोन वर्षं वाट बघू शकतो. घरात कुणाचा पगार असतो, पेन्शन असते, आखातातून किंवा बोटीवरून पैसे येतात. बिहारच्या भूमिहीन मजुराला आठ दिवसही वाट बघता येत नाही. बेरोजगार राहायलाही घरात थोडं शिल्लक असावं लागतं. शिवाय गोव्यासारख्या लहान राज्यात नमुना लहान, त्यामुळे एका वर्षाचा दर थोडाफार इकडेतिकडे होणारच. एका दशांशावरून राज्यांचे क्रमांक लावू नका.

शिक्षणाच्या बाबतीतही हेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ साठी तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के दिली आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. यावरून ‘शिक्षणाने बेरोजगारी वाढते’ असा निष्कर्ष काढलेला प्रकल्प मी एकदा नव्हे, अनेकदा परत केला आहे. वाट कोण बघू शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. आणि शिकलेल्यांना हवं तसं काम आपल्याकडे किती कमी तयार झालं, हेही.

सेवायोजन कार्यालयाची नोंदणी म्हणजे बेरोजगारांची संख्या नव्हे

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर नाव असलेल्यांचा आकडा १९९० च्या दशकाच्या अखेरीस ४ कोटींच्या वर गेला होता. त्यात नोकरीत असूनही नाव न काढलेले होते, कॉलेजात शिकणारे होते, आणि खेड्यातली नाव न नोंदवलेली माणसं त्यात मुळी नव्हतीच. ती मालिका कलासाठी वापरू नका. एवढंच.

पीएफचे नवे सदस्य म्हणजे नव्या नोकऱ्या नव्हेत

ही चूक २०१८ च्या एप्रिलपासून, ती आकडेवारी प्रसिद्ध व्हायला लागल्यापासून, फोफावली. आस्थापनेतली माणसं १९ वरून २० झाली की पीएफचा कायदा लागू होतो आणि दहा वर्षं तिथेच असलेला कामगारही ‘नवा सदस्य’ म्हणून दिसतो. त्याला पीएफ मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याची नोकरी जुनीच आहे.

दोन वेगळ्या मालिका जोडून एक रेष ओढणे

माझी दुसरी दुखरी जागा.

काही वर्षांपूर्वी एका हुशार विद्यार्थिनीने प्रकल्प आणला. विषय महिलांचा श्रमसहभाग. आलेख देखणा, भाषा स्वच्छ. निष्कर्ष असा, की २०११-१२ ते २०१७-१८ या सहा वर्षांत सहभाग ३१.२ टक्क्यांवरून १७.५ वर कोसळला, जवळजवळ १४ अंशांनी. तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मी रात्री तो आलेख बघत बसले, कारण एवढी घसरण माझ्या वहीत नव्हती. शेवटी सापडलं. ३१.२ हा १५ वर्षांवरच्या महिलांचा आकडा आणि १७.५ हा सर्व वयांच्या महिलांचा, त्यात तान्ह्या मुलीसुद्धा आल्या. तिने दोन अहवालांच्या दोन पीडीएफ मोबाइलवर उघडल्या होत्या आणि जो तक्ता आधी दिसला त्यातला आकडा घेतला होता. १५ वर्षांवरचे दोन्ही घेतले तर ३१.२ वरून २३.३, म्हणजे घट ७.९ अंशांची. सर्व वयांचे घेतले तर २२.५ वरून १७.५, घट ५ अंशांची.

सकाळी तिला बोलावून दाखवलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “पण मॅडम, घट तर झालीच आहे ना?”

हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते आलं की मी आधी खुर्ची ओढून बसते. हो, घट झालीच आहे. पण ८ अंशांची घट समजावून सांगायला जी कारणं पुरतात ती १४ अंशांना पुरत नाहीत. मग माणूस जास्तीची कारणं शोधतो आणि ती त्याला सापडतातही. या मुलीने नोटाबंदीवर दोन पानं लिहिली होती. चुकीच्या आकड्याने तिच्याकडून ती दोन पानं लिहून घेतली होती. ते प्रकरण काढावं लागलं, परीक्षा एक आठवडा पुढे गेली, आणि तिच्या मेहनतीचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: प्रत्येक आकड्यापुढे पाच गोष्टी लिहायच्या. सर्वेक्षण कुठलं, महिने कुठले, वय कुठलं, स्थिती कुठली, तक्ता कितवा. पाच नसतील तर मी आलेख बघत नाही.

‘स्थिती’ हा शब्द वाचून बरेच जण पुढे सरकतात, म्हणून थोडं थांबते. १९७० मध्ये प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की आपल्यासारख्या अर्थव्यवस्थेत बेरोजगारीचा एकच आकडा काढणं दिशाभूल करणारं आहे. त्यानंतर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९७२-७३ च्या २७ व्या फेरीपासून वर्षभराची नेहमीची स्थिती, सात दिवसांची साप्ताहिक स्थिती आणि रोजच्या अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब करणारी दैनिक स्थिती अशी मापं रूढ झाली. साप्ताहिक स्थितीत आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात.

ही मापं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. १९९३-९४ ते २०११-१२ या काळात नेहमीच्या स्थितीचा दर २ टक्क्यांच्या आसपास सपाट आहे. तोच काळ दैनिक स्थितीत बघा: १९९३-९४ मध्ये ६ च्या आसपास, १९९९-२००० मध्ये ७.३, २००४-०५ मध्ये ८ च्या वर, मग २००९-१० मध्ये ६.६ आणि २०११-१२ मध्ये ५.६. पहिल्या मापात काहीच घडत नाही आणि दुसऱ्यात चढउतार दिसतात. कारण उघड आहे. बीडचा ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. वर्षाचा विचार केला तर तो ‘रोजगारात’ आहे. पट्टा पडल्यानंतर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, गावात हाताला काम नसलेले त्याचे दिवस फक्त दैनिक स्थितीत दिसतात.

आणि २०१७-१८ चा सांधा. त्या वर्षाचा दर सर्व वयांसाठी ६.१ टक्के आला, २०११-१२ मध्ये तो २.२ होता. अहवाल जानेवारी २०१९ मध्ये वृत्तपत्रात फुटला, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि ३१ मे २०१९ ला तो अधिकृतपणे बाहेर आला. ‘४५ वर्षांतला उच्चांक’ हा मथळा अजून फिरतो आहे. पीएलएफएसमध्ये घरं निवडण्याची पद्धत बदलली होती. दुसऱ्या टप्प्यात घरांचे गट पाडताना आता घरात दहावी किंवा पुढे शिकलेली माणसं किती हे बघतात, जुन्या फेऱ्यांमध्ये तसं नव्हतं. म्हणून तिथे रेष अखंड ओढू नका, तुटक ओढा आणि खाली टीप द्या. पण ‘तुलनाच नको’ म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. १५ ते २९ वयाच्या ग्रामीण मुलांमधली बेरोजगारी ५.० वरून १७.४ टक्के झाली होती. एवढी उडी केवळ घरं निवडण्याच्या पद्धतीने येते असं मी मानत नाही.

सोयीची वर्षं निवडणे

२००९-१० हे दुष्काळाचं आणि जागतिक मंदीच्या सावटाचं वर्ष होतं, म्हणून तर दोनच वर्षांनी, २०११-१२ मध्ये, पुन्हा मोठी फेरी घेतली. तसंच २०१९-२० च्या शेवटच्या तिमाहीत टाळेबंदी आली. अशा वर्षापासून कल सुरू करू नका, तिथे संपवूही नका. आणि ही वर्षं बहुतेक जुलै ते जून अशी असतात, एप्रिल ते मार्च नव्हे. १९८३ ची फेरी तर जानेवारी ते डिसेंबर होती. जीडीपीशी सांगड घालण्याआधी महिने जुळवा.

‘दीर्घकालीन’ शब्दाचा घोळ

बेरोजगारीचा दीर्घकालीन कल म्हणजे दहा-वीस-पन्नास वर्षांत दर कसा हलला ते. दीर्घकालीन बेरोजगारी म्हणजे एकेक माणूस सलग किती काळ कामाशिवाय आहे ते. आंतरराष्ट्रीय व्याख्येत एक वर्ष किंवा जास्त. पहिल्याचा आलेख काढून दुसऱ्यावर निष्कर्ष लिहिलेले प्रकल्प मला दर वर्षी दिसतात. दोन देशांचा दर सारखाच असूनही एकात आत बसलेली माणसं तीच असू शकतात, दुसऱ्यात दर दोन महिन्यांनी बदलणारी. या दोन्ही देशांची दुखणी अगदी वेगळी आहेत. माणूस किती महिने शोधतो आहे हे पीएलएफएसमध्ये विचारलं जातं. तो तक्ता वापरा.

कारखाना बंद पडला, मग दर का वाढला नाही?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. बऱ्याच जणांचं काम पुन्हा परत आलंच नाही. दर वर्षी कुणीतरी विचारतं की एवढं होऊनही राष्ट्रीय दर का हलला नाही. अडीच लाख हा आकडा देशाच्या श्रमशक्तीपुढे लहान, हे एक. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिरणी सुटलेला माणूस कुठल्या रकान्यात गेला. कोकणात, साताऱ्यात घरी परतून भावकीच्या शेतात उतरला तर ११ किंवा २१. परळच्या नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसला तर ११. बायको खानावळ चालवायची, तीही ११. कोड ८१ मध्ये राहिले ते थोडे. नुकसान झालं ते पगाराचं, पीएफचं, आठ तासांच्या पाळीचं, आणि ते बेरोजगारीच्या दरात मावत नाही. कल बघायचा असेल तर नियमित पगाराच्या कामाचा वाटा बघा, आणि कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत कंत्राटी कामगारांचा वाटा बघा. या शतकाच्या सुरुवातीला तो पाचात एक होता, आता पाचात दोन झाला आहे.

चीनमध्येही असंच झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत सरकारी उद्योगांतून अडीच कोटींहून जास्त कामगारांना घरी बसवलं. त्यांना ‘श्यागांग’ म्हणत. कारखान्याशी त्यांचं नाव जोडलेलंच ठेवलं, त्यामुळे शहरी नोंदणीकृत बेरोजगारीच्या दरात ते आले नाहीत आणि तो दर पुढे वर्षानुवर्षं ४ टक्क्यांच्या जवळ खिळून राहिला. खिळलेला दर दिसला की मी आधी व्याख्या वाचते.

उद्योग वाढला म्हणजे उद्योगातली माणसं वाढली

तसं नाही. वस्तुनिर्माणाचा रोजगारातला वाटा २०११-१२ मध्ये १२.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ११.४. शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ पर्यंत उतरला होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ आहे. माणसं शेतातून कारखान्याकडे जातात हे पाठ्यपुस्तकातलं चित्र गेल्या काही वर्षांत आपल्याकडे उलटं फिरलं आहे. चाकणचे नवे शेड बघून प्रस्तावना लिहू नका, आधी हा तक्ता बघा.

अभ्यासिकेतला मुलगा कुठे मोजला जातो?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एकाच अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या दोन मुलांना वेगळे कोड मिळू शकतात. एकाने मुक्त विद्यापीठात नाव घातलं आहे आणि ‘शिकतोय’ म्हणून सांगितलं तर ९१, श्रमशक्तीबाहेर. दुसऱ्याने ‘नोकरी शोधतोय, मिळाली तर उद्या जातो’ म्हटलं तर ८१, बेरोजगार. दोघांचं वय २७, दोघांच्या खोलीचं भाडं गावाकडून येतं. म्हणून तरुणांच्या बाबतीत मी नुसता दर बघत नाही. शिक्षणात नाही, कामातही नाही अशा तरुणांचं प्रमाण शेजारी ठेवते.

लाखात आणि कोटीत बोलणे

सर्वेक्षण टक्के देतं, माणसं देत नाही. माणसं काढायला लोकसंख्येचा अंदाज लागतो आणि तो अजून २०११ च्या जनगणनेवर उभा आहे. नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०२३-२४ मध्ये ४.६७ कोटी रोजगार वाढले हा रिझर्व्ह बँकेच्या माहितीसंचातला आकडाही अशाच गुणाकारातून येतो, ते वेगळं सर्वेक्षण नव्हे. ‘कोटी’ लिहायचंच असेल तर कुठली लोकसंख्या धरली ते त्याच वाक्यात लिहा.

नवी मासिक मालिका जुन्या रेषेला चिकटवणे

ही ताजी चूक. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना पुन्हा बदलली आणि दर महिन्याचे आकडे यायला लागले. एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के, मेचा ५.६. हे साप्ताहिक स्थितीचे आहेत. २०२३-२४ चा ३.२ हा नेहमीच्या स्थितीचा, पूर्ण वर्षाचा. साप्ताहिक स्थितीत २०२३-२४ चाच दर ४.९ होता. ३.२ ते ५.६ अशी उभी चढलेली रेष माझ्याकडे आतापर्यंत दोघांनी आणली. दोन्ही आलेख परत दिले. एकीने दुसऱ्या दिवशी साप्ताहिक आकडे घेऊन नवा आलेख आणला, जानेवारी २०२५ ला रेष तोडली आणि खाली पाचही गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याचा निरोप आला, की मॅडम, सोमवारपर्यंत मुदत आहे, तेवढ्यात होणार नाही. त्याला मी शनिवारी घरी बोलावलं आहे. तक्ते मी काढून ठेवते, वही त्याने आणायची आहे.